उंबऱ्यावरचं तुर्कस्तान

काळीपिवळी जीप भरली की सुटते, हे आमच्या फाट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. साळवे सर मात्र इतकी वर्षं दर शनिवारी ड्रायव्हरला विचारत राहिले, "किती वाजता सुटणार?"

ड्रायव्हर म्हणायचा, "भरली की."

"ते नाही विचारलं. वेळ सांगा."

ड्रायव्हर वैतागून काहीतरी ठोकून द्यायचा. दीड म्हण, पावणेदोन म्हण. मग सर आत बसायचे. गाडी हलली की मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि खिडकीतून आम्हाला बोटं दाखवायचे. पाच मिनिटं उशीर, तर पाच बोटं. वीस मिनिटं, तर दोन्ही पंजे दोनदा. फाट्यावरची माणसं हसायची. मीही हसायचो.

सर गेले त्याला आता दोन महिने होतील. त्याच्या आधी काही महिने माझी बायको गयाबाई गेली. मी चौथी शिकलेला माणूस, शाळेत शिपाई होतो. घंटा दिली, पाकिटं पोचवली, लिहायचं काम कधी केलं नाही. पण सरांची वही आता माझ्याकडं आहे आणि तिची मागची बरीच पानं कोरी आहेत. घरात बोलायला कोणी नाही. म्हणून लिहितो.

आमची शाळा राहुरी तालुक्यात, कालव्याच्या कडेला. सर नगरचे, ख्रिस्ती. आठवडाभर शाळेमागच्या खोलीत राहायचे, शनिवारी दुपारी घरी जायचे, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना करून सोमवारी पहिल्या गाडीनं हजर. माणूस बारीक, काळा, आवाज मात्र खणखणीत. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन फक्त तारखेसाठी.

हे तारखेचं वेड म्हणजे काय ते सांगतो. नवा बल्ब लावला की सर त्याच्या पितळी टोपीवर तारीख लिहायचे. खडूच्या खोक्यावर तारीख. बादलीच्या बुडावर तारीख. एकदा नवा खराटा आला तर त्याच्या दांड्यावरसुद्धा लिहिली. गयाबाई तेव्हा शाळेत पाणी भरायची, झाडलोट करायची. ती म्हणाली, "सर, माझ्या बी हातावर लिव्हा. कवा आनली, किती दिस टिकली, कळंल तरी."

सर हसले नाहीत. म्हणाले, "तुमची लिहिलेली आहे, गयाबाई. वहीत."

आम्हाला वाटलं, गंमत करतायत.

सर नववीला भूगोल शिकवायचे. पुस्तकात युरोपातल्या सामायिक बाजाराविषयी जेमतेम चार ओळी होत्या. सर त्यावर आख्खा तास घ्यायचे आणि त्या तासाला मला बोलवायचे. सहा पोरंपोरी एका बाकावर बसवायचे. "हे सहा देश. यांनी आपसातल्या जकाती काढल्या. बाजार एक केला. समजा, एक घर केलं." मग मला दारात उभं करायचे. माझ्या हातात ताटली. तिच्यात बेदाणे, चार सुकी अंजिरं आणि भुईमुगाचे दाणे. दाणे कशाला, तर तिकडं हेझलनट नावाचं काही पिकतं, ते आपल्याकडं कुठून आणायचं? चौथा माल तंबाखू. तो माझ्या खिशात कायमचाच.

"भाऊसाहेब, तुम्ही तुर्कस्तान."

"व्हय सर."

"आत या."

मी पाय उचलायचो.

"थांबा! उंबऱ्यावर."

पोरं खदखदा हसायची. सर सांगायला लागायचे. एकोणीसशे त्रेसष्ट साली तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकाऱ्याला, करार झाला. तुर्कस्तान या घराचं सभासद नाही, पण घराशी जोडलेलं. त्याचे बेदाणे, अंजिरं, तंबाखू ठरलेल्या मापात कमी जकातीनं आत येणार. निदान पाच वर्षं तयारीची, मग मधला टप्पा, मग शेवटचा. "आणि घरात कधी घ्यायचं? तर लिहिलं, की करार नीट चालला, सगळ्या जबाबदाऱ्या पेलतील असं दिसलं, म्हणजे प्रवेशाची शक्यता तपासली जाईल. काय तपासली जाईल?"

"शक्यता!" पोरं ओरडायची.

"आणि काय नाही यात?"

"तारीख!"

तोवर बाकावरचे सहा देश माझ्या ताटलीतले बेदाणे संपवायचे. मी रिकामी ताटली घेऊन उंबऱ्यावर. मग सर एका मुलीला उठवून माझ्याशेजारी उभी करायचे. ती ग्रीस. ग्रीसचा करार तुर्कस्तानच्या दोन वर्षं आधीचा. मध्येच ग्रीसमध्ये लष्कर खुर्चीवर बसलं, सगळं अडकलं. मग लोकांनी निवडलेलं सरकार परत आलं आणि ग्रीस आत गेलं. पोरगी टुणकन आत जाऊन बाकावर बसायची. मी तिथंच.

सर एकतर्फी बोलत नसत. तुर्कस्तानातही लष्करानं खुर्च्या बळकावल्या, माणसं तुरुंगात घातली, शेजाऱ्याशी भांडणं केली, तेही सांगायचे. "दोष दोन्हीकडं आहेत," म्हणायचे. "पण आत घेणार नसाल तर नाही म्हणा. घेणार असाल तर तारीख द्या. माणसाला उंबऱ्यावर उभं करून त्याचे बेदाणे खाऊ नका."

गयाबाई हा तास व्हरांड्यातून ऐकायची. पहिल्यांदा ऐकला तेव्हा कळशी काखेत तशीच धरून म्हणाली, "सर, म्हंजी सुपारी फुटली अन् लग्नाची तिथीच काढली न्हाई म्हना की."

"अगदी बरोबर."

"मंग पोरीवाल्यांनी दुसरं स्थळ बघावं."

"असं म्हणणारे तिकडं पण आहेत, गयाबाई."

सर स्वतः शाळेत शिकत होते तेव्हा त्यांच्या मास्तरांनी सांगितलं होतं, म्हणे, तुम्ही मोठे व्हाल तोवर तुर्कस्तान आत गेलेलं असेल. सरांनी ते मनावर घेतलं. पेपरात बातमी आली की वहीत तारीख आणि एक ओळ. व्यापाराचं फाटक उघडलं, एक ओळ. उमेदवार म्हणून नाव घेतलं, एक ओळ. बोलणी सुरू, एक ओळ. बोलणी थंड, एक ओळ. गावात त्यांना साळवे सर कमी आणि तुर्की मास्तर जास्त म्हणायचे. नांगर खांद्यावर घेऊन चाललेला माणूसही विचारायचा, "काय मास्तर, गेलं का तुमचं तुर्कस्तान आत?" सर रागवायचे नाहीत. "अजून नाही," म्हणायचे, जसं पाहुण्यांच्या तब्येतीचं सांगावं.

आता गयाबाईचं सांगतो, कारण सरांना ओळखायचं तर तिच्यावाचून जमणार नाही.

शाळेत नळ नव्हता तेव्हा ती लागली. विहिरीवरून दोन पिंपं आणि तीन रांजण रोज भरायचे, वर्ग झाडायचे. तोंडी काम. मुख्याध्यापकांच्या टेबलावर हजेरीचं मस्टर असायचं. सकाळी सगळे त्यात सही करायचे, मीसुद्धा. गयाबाई रोज ते मस्टर उचलून खालचं टेबल पुसायची आणि परत जागेवर ठेवायची. तिचं नाव त्यात नव्हतं. तिला त्याचं काही वाटतं, हे मला एवढी वर्षं नवरा असून कळलं नव्हतं.

कळलं ते तपासणीच्या दिवशी. साहेब आले, सगळ्यांना पटांगणात ओळीनं उभं केलं आणि मस्टरमधून एकेक नाव वाचलं. गयाबाई नवं लुगडं नेसून ओळीत शेवटी उभी. माझं नाव झालं आणि साहेबांनी मस्टर मिटलं. मग तिच्याकडं बघून विचारलं, "ह्या कोण?"

मुख्याध्यापक म्हणाले, "ह्या... ह्या पाणी भरतात."

ती घरी आली आणि भाकरी थापता थापता एवढंच बोलली, "मी कोन हाय ते कुटंच लिवलेलं न्हाई."

सरांनीच अर्ज लिहून दिला. महिना-दीड महिन्यानं संस्थेच्या कचेरीतून पत्र आलं. कायम करण्याच्या आपल्या विनंतीचा योग्य वेळी सहानुभूतीनं विचार करण्यात येईल. खाली सही, गोल शिक्का. मी राहुरीहून पेढे आणले आणि शिक्षकांच्या खोलीत वाटले. सरांनी पेढा हातात घेतला, पत्र वाचलं आणि पेढा परत खोक्यात ठेवला.

"काय झालं सर?"

"तारीख कुठाय?"

"ही काय वर हाय की."

"ती पत्राची. हिला आत घेण्याची कुठाय?"

सगळ्यांच्या देखत बोलले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, तुमाला कुनाचं बरं झालेलं बघवत न्हाई. तुमच्या तुर्कस्तानाची अवदसा आमच्या घरात आनू नका."

सरांनी पत्र आणखी एकदा वाचलं, वहीत काहीतरी टिपलं आणि तासाला गेले.

त्या वर्षी मी तुर्कस्तान व्हायला गेलो नाही. घंटेचं काम आहे म्हणून सांगितलं. गयाबाई येऊन म्हणाली, "सर एकलेच उभे हायेत उंबऱ्यावर, ताटली धरून. जा की." मी गेलो नाही. माझा हा स्वभाव. आता लाज वाटून उपयोग नाही.

गयाबाईनं ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. दसऱ्याला आमच्यात अवजारं पुजतात. कोयता, खुरपं, विळा, सगळं धुऊन मांडायचं आणि हळदीकुंकू लावायचं. तिनं खराटा, बादली आणि त्यांच्याशेजारी पत्र मांडलं. वाचता येत नव्हतं, पण शिक्का कुठला ते दिसत होतं. त्या शिक्क्यावर एक बोट हळदीचं, एक कुंकवाचं. वरच्या कोपऱ्यात काही आकडे होते, त्यांनाही एकेक बोट. दर दसऱ्याला. मी रोज शाळेत कागद इकडून तिकडं नेणारा माणूस, मी तिला थांबवलं नाही. मीच म्हणायचो, "नीट लाव, मधोमध लाव."

असे बरेच दसरे गेले. शाळेला नळ आला, पण झाडलोट, पिंपं, रांजण तिच्याकडंच राहिले. सरांशी माझं बोलणं कामापुरतं. मग माझी निवृत्ती जवळ आली. शिपायाची जागा मोकळी होणार होती. संस्थेतल्या कुणाचा तरी भाचा त्या जागेवर डोळा ठेवून आहे, हे गावभर झालं होतं. गयाबाई म्हणाली, "आपल्याकडं पत्र हाय." आम्ही दोघं पत्र घेऊन कचेरीत गेलो.

कारकुनानं ते बोटांच्या चिमटीत धरलं. "हे पत्र आहे का अंगारा?"

"शिक्का बघा की," मी म्हटलं.

"कुठला शिक्का? जावक नंबर दिसत नाही, तारीख दिसत नाही, सही कुणाची कळत नाही. नंबर आणा, मग रजिस्टर काढतो. त्यावाचून नुसतं कुंकू घेऊन आम्ही काय करायचं?"

शेजारचे दोघं हसले. गयाबाईनं पत्र पदरात बांधलं. तिची सगळी वर्षं त्या हळदीखाली गेली होती, आणि ती तिनंच आपल्या हातानं पुजून घालवली होती. आणि मी दर दसऱ्याला समोर बसून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीवर गेलो. दाराबाहेरच उभा राहिलो. आत कसं जाणार? ते म्हणाले, "आत या, भाऊसाहेब." मी सगळं सांगितलं. 'मी म्हटलं होतं,' असं ते एकदाही बोलले नाहीत. ट्रंकेतून वही काढली. तीच तुर्कस्तानची. एका पानावर लाल शाईत एक तारीख, आणि खाली आमचं पत्र अक्षर न् अक्षर उतरवलेलं. जावक क्रमांक, सही करणाऱ्याचं नाव, शिक्क्यातला मजकूर, सगळं. पेढा परत ठेवला त्याच दिवशी उतरवलं होतं. समोरच्या पानावर अंकाऱ्याच्या करारातलं ते शक्यतेचं वाक्य.

"दोन्ही सारखी वाटली," सर म्हणाले, "म्हणून शेजारी शेजारी ठेवली."

सोमवारी सर आणि गयाबाई कचेरीत गेले. मीही मागून. सरांनी क्रमांक दिला. कारकून म्हणाला, "बघू, शोधायला लागेल."

"कधी येऊ?"

"या की पुढं-मागं."

"ते नाही विचारलं. तारीख सांगा."

"अहो सर, तारीख कशी सांगणार?"

"बरं. मग सांगेपर्यंत बसतो." आणि सर बाकावर बसले. गयाबाई खाली बसायला लागली तर म्हणाले, "खाली नाही. इथं बसा." दुपारी डबा काढला. गयाबाईनं भाकरी आणि ठेचा आणला होता, सरांकडं अंड्याची पोळी होती, दोघांनी अदलाबदल करून खाल्लं. कारकुनाच्या टेबलापर्यंत ठेच्याचा वास गेला. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "पुढच्या सोमवारी या बाबा."

"किती वाजता?"

असे तीन सोमवार. सरांनी अर्धपगारी रजा घातली, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या सोमवारी रजिस्टर सापडलं. क्रमांक जुळला, नाव जुळलं. भाच्याच्या कितीतरी आधी तिचा अर्ज नोंदलेला, आता नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. आदेशाचा कागद आला तेव्हा सरांनी तो आधी स्वतः वाचला, आणि मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा ढिला झालेला बघितला. "आहे," म्हणाले. "तारीख आहे."

आता सही. गयाबाई म्हणाली, "अंगठा देते." सर म्हणाले, "अंगठा नाही." हातात पेन्सिल दिली तर तिची बोटं आखडायची. मग सरांनी तिला तिच्याच कामातून शिकवलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या फरशीवर, तांब्यात बोट बुडवून. ग. या. ऊन असलं की लिहिलेलं लगेच वाळून जायचं. ती म्हणायची, "हे बरं हाय, चुकलं तरी कुनाला दिसत न्हाई." मी तिथून गेलो की हातानं पुसून टाकायची. महिनाभर फरशी ओली.

ज्या दिवशी मस्टरमध्ये शेवटच्या ओळीत तिचं नाव आलं, त्या दिवशी मी निवृत्त माणूस, बघायला म्हणून गेलो. तिनं सवयीनं मस्टर उचललं, टेबल पुसलं, मस्टर ठेवलं. मग पदराला हात पुसून सही केली. शेवटचं अक्षर लांबत लांबत शेजारच्या चौकोनात गेलं.

शाळेचा कारकून म्हणाला, "ओ बाई, उद्याच्या घरात गेलं ते."

सर म्हणाले, "जाऊ द्या. एवढी वर्षं मागं राहिली, एक दिवस पुढं गेली तर काय बिघडलं?" मग माझ्याकडं वळून हात पुढं केला. "भाऊसाहेब, माझा एक पेढा राहिलाय."

मी आणलाच नव्हता. पळत फाट्यावर गेलो आणि मिळाला तो पेढा आणला. सरांनी सगळा एकदम तोंडात टाकला.

त्या वर्षाअखेर सर निवृत्त होऊन नगरला गेले. गयाबाईनं निवृत्तीपर्यंत एकही सही चुकवली नाही. ताप असला तरी जायची, सही करायची आणि मग रजा मागायची. मुख्याध्यापक म्हणायचे, "अहो, रजेच्या दिवशी सही नसते." ती म्हणायची, "मंग रजा नको."

ती गेल्यावर बरेच लोक आले. सगळे विचारत होते, कशानं गेली, दवाखान्यात कधी नेलं, डॉक्टर काय म्हणाला. सांगून सांगून तोंड कडू झालं होतं. दहाव्यानंतर एक दिवस सर आले. काठी टेकत, जाड चष्मा लावून. तिच्या फोटोसमोर डोळे मिटून उभे राहिले, त्यांच्या पद्धतीनं काही पुटपुटले. मग बसले, पाणी प्याले, पिशवीतून वही काढली आणि म्हणाले, "तारीख सांगा."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? बायको गेलेल्या माणसाला कुणी असं विचारतं? पण सांगितली. त्यांनी वही डोळ्याजवळ नेली आणि लाल पेनानं लिहिली. मग पान माझ्याकडं वळवलं. वर तिचं नाव. खाली, पहिल्यांदा पिंप भरलं ती तारीख. तपासणीची. पत्राची. तीन सोमवार. आदेशाची. पहिल्या सहीची. निवृत्तीची. आणि आता ही. खराट्याच्या वेळेला म्हणाले होते, तुमची वहीत आहे, ते खरंच होतं. तिचं एवढं सगळं लिहिलेलं दुसरं कुठंच नव्हतं, माझ्याकडंही नाही.

मी मागची पानं चाळली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सर, तुर्कस्तान?"

"अजून नाही." वही त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "मला आता बारीक वाचवत नाही. बातमी आली तर तुम्ही लिहा."

"मी? चौथी शिकलोय सर."

"तारीख येते ना लिहिता? तेवढंच लागतं."

पुढं त्यांच्या घरून फोन आला, तेव्हा त्याच वहीत सरांची तारीख मीच लिहिली. लाल पेन नव्हतं, निळ्यानं लिहिली.

पण मला सर आठवतात ते वही दिली त्या दिवशी फाट्यावरचे. मी त्यांना जीपपर्यंत पोचवायला गेलो. जीपमध्ये दोनच माणसं होती. सर काही न विचारता चढले आणि खिडकीशी बसले. हात काठीवर, नजर समोर. मी वाट बघितली, आता विचारतील. विचारलं नाही.

मीच ड्रायव्हरकडं गेलो. "किती वाजता सुटनार रं?"

"भरली की, नाना."

"ते न्हाई इचारलं. वेळ सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं, आत बसलेल्या सरांकडं बघितलं. "साडेअकरा."

सरांनी मान वळवली नाही. मी टपरीच्या सावलीत उभा राहिलो. माणसं एकेक येऊन बसत होती. गाडी हलली तेव्हा टपरीवाल्याला मी वेळ विचारली. अकरा चाळीस. जीप वळणावर गेली आणि खिडकीतून दोन्ही पंजे बाहेर आले, दहा बोटं पसरलेली.